कोकणात नवी गाडी घेताना: शोरूममधल्या बोलणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खरेदीदारांना समोर ठेवून लिहिली आहेत. कर आणि सरकारी शुल्काचे आकडे प्रत्यक्षातले आहेत. गाडीची किंमत, विम्याचा हप्ता, किटचा दर हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या मॉडेलचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा मांडा.

एक्स-शोरूम किंमत कंपनीच ठरवते, मग घासाघीस कशावर करायची?

त्या किमतीच्या खाली ज्या ओळी येतात त्यांवर. रोजच्या वापरातल्या गाडीवर डीलरला मिळणारे मार्जिन फार मोठे नसते. त्याची खरी कमाई विम्यावरचे कमिशन, कर्जावरचे कमिशन, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि तुमची जुनी गाडी यांतून होते. त्यामुळे ‘एक्स-शोरूमवर किती कमी करता?’ एवढे विचारून थांबणारा माणूस दहा हजारांची सूट घेतो आणि खालच्या ओळींत पंचवीस हजार परत देऊन येतो. बोलणी नेहमी ऑन-रोड रकमेची, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळे धरून होणाऱ्या रकमेची करावी आणि ती रक्कम ओळीओळीने लिहून घ्यावी.

कंपनीने महिन्यासाठी जाहीर केलेली सूट वेगळी आणि डीलर आपल्या खिशातून देतो ती वेगळी. पहिली बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावरच दिसते, ती तुमचीच असते. सेल्समनने तीच सूट ‘मॅनेजरशी भांडून आणली’ म्हणून पुढे केली, तर गोड हसावे आणि विचारावे, ‘ही कंपनीची झाली, आता शोरूमची किती?’

कोटेशनमध्ये नेमके काय काय असते?

समजा पेट्रोल गाडी आहे, एक्स-शोरूम ८,४०,००० रुपये, नोंदणी वैयक्तिक नावावर आणि कर्ज काढून. हातात असा कागद येतो:

एक्स-शोरूम: ८,४०,०००
आरटीओ: ९९,९००
विमा: ४६,०००
फास्टॅग: ६००
हँडलिंग आणि लॉजिस्टिक: ८,५००
बेसिक किट: १४,९००
वाढीव वॉरंटी: १३,०००
एकूण: १०,२२,९००

आता आरटीओची ओळ सोडवून बघा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीचे दर कमी आहेत, पण जुलै २०२५ पासून तेही एक टक्क्याने वाढले. कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर गाडी घेतली तर थेट २० टक्के. ‘धंद्याच्या नावावर घेऊ, खर्चात दाखवू’ असे सांगणाऱ्या नातेवाइकाला आधी हा आकडा ऐकवावा.

आपल्या उदाहरणात कर होतो ९२,४००. नोंदणी शुल्क ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्जाचा बोजा चढवण्याचे म्हणजे हायपोथिकेशनचे १,५००. बेरीज ९४,७००. कागदावर ९९,९०० आहेत. मधल्या ५,२०० रुपयांचा जाब विचारायचा. सरकारी पावतीत सेस किंवा टपालखर्चाची ओळ असू शकते, म्हणून वाद घालण्यापेक्षा सरळ म्हणावे, ‘सरकारच्या वाहन पोर्टलच्या पावतीवर जे येईल ते मी देईन, पावती मला हवी.’ एवढ्यावर बहुतेक ठिकाणी तो आकडा आपोआप खाली येतो. नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच ऑनलाइन होते, गाडी घेऊन कोणी आरटीओच्या दारात उभे राहत नाही. मग ‘एजंटचा खर्च’ कसला?

हँडलिंग चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा आणि ग्राहकाला देण्याआधी धुऊन-पुसून तयार करण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो, स्मार्ट केअर, फॅसिलिटेशन अशी नावे बदलतात, ओळ तीच. कोकणात एक खास कारण पुढे केले जाते: ‘घाटातून गाडी आणावी लागते हो.’ तो घाट कंपनीने किंमत ठरवताना मोजलेला असतो.

ही ओळ काढायला लावताना आवाज चढवण्याची गरज नाही. ‘याची जीएसटी क्रमांकासह वेगळी पावती आणि हे शुल्क कशाचे, ते त्यावर लिहून द्या’ असे म्हणावे. नंबर प्लेटचेही तसेच. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट उत्पादकाकडूनच येते, तिच्यासाठी दुकानातल्यासारखा वेगळा आकडा लावला असेल तर विचारा.

विमा शोरूममधूनच घ्यायचा का?

सक्ती नाही. शोरूम विमा विकू शकते, पण ‘आमचाच विमा, नाहीतर गाडी नाही’ असे म्हणू शकत नाही. तरी इथे घाईने निर्णय घेऊ नका. या ओळीत सर्वांत जास्त पैसे वाचतात आणि चूक झाली तर सर्वांत जास्त जातातही.

नव्या कारला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६, वर जीएसटी. हा भाग कुठेही घ्या, तेवढाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तो एकच वर्षाचा घेतला तरी चालतो. ‘तीन वर्षांचे सगळे पॅकेज घ्यावेच लागते’ हे आता खरे नाही.

तुलना करताना तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या हव्यात: विम्यातली गाडीची घोषित किंमत, ॲड-ऑनची म्हणजे जादा संरक्षणांची यादी आणि क्लेमच्या वेळी स्वतः भरायची रक्कम. नव्या गाडीची घोषित किंमत साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ८,४०,००० च्या गाडीला ती ७,९८,००० यायला हवी. बाहेरचा स्वस्त दर दाखवणाऱ्याने ती सात लाखांवर आणली असेल तर तो दर स्वस्त नाही.

जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विसरू नका. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून वजा होतो. तो भाग १८,००० चा असेल आणि तुमचा बोनस ५० टक्के असेल तर ९,००० रुपये तिथेच सुटतात. जुन्या विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यायचे, ते तीन वर्षे चालते. शोरूम हे आपणहून क्वचितच सांगते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तीही ओळ पुन्हा भरायची गरज नाही.

आता शोरूमच्या बाजूने. ‘बाहेरचा विमा घेतलात तर कॅशलेस नाही’ हे अर्धे खरे आहे. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणे, हे त्या विमा कंपनीचा आणि त्या वर्कशॉपचा करार आहे की नाही यावर ठरते. मुंबईत एका गॅरेजचा करार नसला तर दुसरे दोन किलोमीटरवर असते. देवगडात किंवा गुहागरात तुमच्या गाडीच्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप एकच, तेही पन्नास-साठ किलोमीटरवर. म्हणून तिथे फोन करून कोणकोणत्या विमा कंपन्यांचे कॅशलेस चालते ती यादी घ्या, त्यातल्याच दोघांचे दर बाहेरून काढा आणि ते शोरूमसमोर ठेवा. बहुतेक वेळा शोरूम स्वतःचा दर त्याच्या जवळ आणते. आणला तर तिथेच घ्या, क्लेमच्या वेळी बरे पडते.

बाहेरून घेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. पॉलिसीला चेसिस आणि इंजिन क्रमांक लागतो आणि पॉलिसीशिवाय नोंदणी होत नाही. आयत्या वेळी सांगितले की ‘आता तीन दिवस लागतील, मुहूर्त चुकेल’ हे ठरलेले उत्तर मिळते.

कोकणातल्या पावसासाठी कोणते ॲड-ऑन खरोखर लागतात?

झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही) आणि इंजिन प्रोटेक्ट. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की इंजिनात पाणी ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारले जाते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरले तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. महाड, खेड, राजापूर, बांदा इथे नदीकाठी राहणाऱ्यांनी या ओळीत काटकसर करू नये. चावी हरवणे, टायर, सामानाचे संरक्षण हे सारे ‘पॅकेजमध्येच आहे’ म्हणून येते, ते काढून दर पुन्हा मागावा.

खाऱ्या हवेसाठी शोरूमचे अंडरबॉडी कोटिंग घ्यावे का?

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत गाडी उघड्यावर राहणार असेल तर विचार करण्याजोगे आहे, पण पॅकेज म्हणून मुळीच नको. बेसिक किटमध्ये मॅट, मड फ्लॅप, सीट कव्हर, परफ्यूम, ‘टेफ्लॉन’ आणि कोटिंग एकत्र बांधून देतात आणि सुटे करायला तयार नसतात. प्रत्येक वस्तूचा वेगळा दर मागा. मॅट आणि मड फ्लॅप घ्या, ते कंपनीचेच बरे बसतात. बाकीचे रत्नागिरीत किंवा कुडाळात बाहेर कमी पैशांत होते.

कोटिंग घेतलेच तर कामगाराने दरवाजांच्या तळाची आणि पट्ट्यांची पाणी निघण्याची भोके बुजवलेली नाहीत ना, हे वाकून बघावे. गंज बहुतेकदा त्या बुजलेल्या भोकांतूनच सुरू होतो, आणि तो आतून येत असल्याने दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. सायलेन्सर आणि ब्रेकवर कोटिंग उडवलेले नको. गाडी ओली असताना मारलेले कोटिंग ओलावा आत कोंडते, म्हणून ऐन आषाढात हे काम करून घेऊ नये.

वायर कापून बसवलेले हॉर्न आणि लाइट घेऊ नका. पुढे वायरिंगची तक्रार घेऊन गेलात की वॉरंटी नाकारायला तेच कारण पुरते.

रत्नागिरी आणि चिपळूण, दोन्हीकडचे दर सारखेच का येतात?

कारण पाटी वेगळी असली तरी मालक बऱ्याचदा एकच असतो. आपल्याकडे एका ब्रँडची तीन-चार गावांतली शोरूम एकाच डीलरची असणे नवलाचे नाही, आणि त्यांच्या संगणकात तुमचा मोबाइल नंबर एकदा पडला की दुसऱ्या शाखेतला माणूस तोच आकडा सांगतो. बिलावर डीलर कंपनीचे जे नाव छापले जाते ते आधी विचारा. दोन्हीकडे तेच नाव आले तर ती स्पर्धा नव्हे.

खरी स्पर्धा घाटाच्या पलीकडे आहे. रत्नागिरीकरांना आंबा घाटातून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. चिपळूणकरांना कुंभार्ली घाटातून कराड. कणकवली-वैभववाडीला फोंडा किंवा करूळ चढून पुन्हा कोल्हापूर. महाड, माणगाव, पेण, अलिबागला पनवेल आणि नवी मुंबई. तिथे एकाच ब्रँडचे दोन-तीन वेगळे मालक असतात आणि त्यांचे महिन्याचे टार्गेटही मोठे असते.

घाटापलीकडचे कोटेशन आणायचे ते लेखी, शोरूमच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत मेलवर. फोनवर ऐकलेल्या आकड्याला इथला मॅनेजर मोजत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. मॉडेल, व्हेरिएंट, रंग आणि उत्पादनाचे वर्ष दोन्ही कागदांवर एकच हवे.

फरक किती असला तर पलीकडून घ्यावी? आमचे मत: पंधरा हजारांच्या आत असेल तर जवळच्याकडून घ्या. तीन-चार फेऱ्या, दोन दिवसांची रजा आणि गाडी घरी आणताना घाटातला पहिला प्रवास यांत तेवढे जातातच. चाळीस हजार असेल तर जा. वॉरंटी देशभर चालते आणि फ्री सर्व्हिस कोणत्याही अधिकृत वर्कशॉपला मिळते. ‘गाडी आमच्याकडून नाही, मग सर्व्हिसला नंबर लागणार नाही’ या धमकीला अर्थ नाही.

कोल्हापुरातून घेतली तर नंबर एमएच ०९ पडेल का?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवता येते. पण शोरूमची सवय आपल्या गावच्या आरटीओची. तुम्हाला रत्नागिरीचा एमएच ०८ किंवा सिंधुदुर्गाचा एमएच ०७ हवा असेल तर ते, तात्पुरती नोंदणी लागणार असेल तर तिचा खर्च कोणाचा ते, आणि कायम नंबर किती दिवसांत, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. कर राज्यभर एकच असल्याने त्यात काही वाचत नाही. मुंबईत नोकरी आणि गावी आई-वडील असलेल्या चाकरमान्यांनाही हेच लागू: ज्या पत्त्याचा पुरावा द्याल त्याप्रमाणे नंबर.

गोव्यातून घेतली तर कर वाचतो म्हणतात?

सावंतवाडी, दोडामार्गात हा प्रश्न हमखास येतो. गोव्याची नोंदणी हवी तर गोव्याचा पत्ता हवा. दुसऱ्याच्या पत्त्यावर नोंदवलेली गाडी पुढे क्लेम करताना आणि विकताना अडते. शिवाय दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. वाचलेले पैसे इथे जातात, वर नाक्यावरचे थांबणे. गोव्यात खरोखर राहत असाल तरच हा विचार करा.

घासाघिशीला वर्षातला कोणता काळ बरा?

पितृपक्ष. गणपतीला आलेले चाकरमानी परत गेलेले असतात, पंधरा दिवस कोणी गाडी उचलत नाही, आणि तो काळ बहुधा सप्टेंबर अखेरच्या तिमाही टार्गेटच्या आसपास येतो. सेल्समनलाही बोलायला वेळ असतो. बुकिंग आणि भाव पितृपक्षात पक्का करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर किंवा दसऱ्याला घ्या. दोन्ही बाजू खूश. फक्त ‘डिलिव्हरीच्या दिवशी हीच सूट लागू राहील’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यायचे, कारण कंपनीच्या योजना महिन्याला बदलतात.

पौष आणि अधिक महिना यांतही तसेच मोकळे वातावरण असते. डिसेंबरमध्ये वर्ष संपत आलेला साठा काढायचा असतो. उलट गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि धनत्रयोदशीला घासाघीस करायला जाऊ नये. आंब्याचे पैसे हातात आलेले असतात, शोरूममध्ये बसायला खुर्ची नसते आणि सूटही नसते.

महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत जा, पण दुपारी आणि आठवड्याच्या मधल्या वारी. आणि मुलांना पहिल्या फेरीला नेऊ नका. पोरांनी गाडीत बसून रंग ठरवला की बोलणी तिथेच संपली.

दहा लाखांच्या आसपासच्या गाडीत काही खास बघायचे का?

जरूर. कराचा टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो. पेट्रोल गाडी ९,९५,००० ची असेल तर कर ११ टक्क्यांनी १,०९,४५०. १०,०५,००० ची असेल तर १२ टक्क्यांनी १,२०,६००. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्या आयकरापोटी आगाऊ गोळा करायची रक्कम, आणखी १०,०५०. किमतीत १०,००० चा फरक, खिशातून जातात ३१,२०० जास्त. टीसीएस मात्र खर्च नाही, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. त्यासाठी पॅन बरोबर दिला आहे ना आणि आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत रक्कम दिसते ना ते बघा. टीसीएसची ओळ ‘परत मिळत नाही’ म्हणून सोडून देणारे बरेच आहेत.

कर साधारणपणे जाहीर एक्स-शोरूम किमतीवर मोजतात. डीलरने सूट दिल्याने कराचा टप्पा खाली येईल असे धरून चालू नका.

जीएसटीही इथेच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्यापेक्षा मोठ्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के आहे. हा कर एक्स-शोरूममध्ये मिळवलेलाच असतो. ‘जीएसटी वेगळा’ असे कोणी म्हटले तर उठून यावे.

‘एकूण साठ हजारांपर्यंत फायदा’ असे लिहिलेले असते, ते सगळे मिळतात का?

‘पर्यंत’ या शब्दात सगळे आले. त्यात रोख सूट, एक्स्चेंज बोनस, जुन्या ग्राहकाचा बोनस, कॉर्पोरेट किंवा ग्रामीण ऑफर आणि स्क्रॅप लाभ एकत्र केलेले असतात. एक्स्चेंज आणि स्क्रॅप बहुधा एकाच वेळी मिळत नाहीत. शिक्षक, बँक, एसटी, वीज कंपनी किंवा ग्रामपंचायतीत कोणी असेल तर ओळखपत्र घेऊनच जा. काही कंपन्या शेतकऱ्यांसाठी ग्रामीण ऑफर देतात, त्याला सातबारा लागू शकतो. ज्या नावावर गाडी, त्याच नावाचा पुरावा लागतो. बागायत वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलाच्या, तर ऑफर हुकते.

आणि सूट रोखीत मागा. ‘दहा हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट’ म्हणजे दहा हजार नव्हेत. त्या छापील दराने मोजलेल्या असतात.

शोरूमचे कर्ज घ्यावे की बँकेचे?

आधी आपल्या बँकेकडून मंजुरीपत्र आणावे, मग शोरूमला दर विचारावा. फसगत ‘फ्लॅट’ दरात होते, कारण त्यात हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागते. ६ लाख, ५ वर्षे: घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी हप्ता १२,४५५ रुपये. ‘फक्त साडेपाच टक्के फ्लॅट’ने व्याज १,६५,००० आणि हप्ता १२,७५०. ऐकायला स्वस्त वाटणारे कर्ज महाग निघाले. म्हणून टक्का विचारूच नये. हप्ता, हप्त्यांची संख्या, प्रोसेसिंग फी आणि मुदतपूर्व फेडीचा आकार हे चार आकडे घ्यावेत.

‘हप्ता किती परवडेल?’ हा प्रश्न सेल्समनने आधी विचारला तर उत्तर देऊ नका. एकदा तुम्ही ‘बारा हजार’ म्हणालात की पाचाची सात वर्षे करून तो बाराच दाखवतो. पतपेढीच्या कर्जात बोजा नोंदवण्याची आणि पुढे उतरवण्याची कागदपत्रे नीट होतात का, तेही विचारून घ्या.

जुनी गाडी एक्स्चेंजला द्यावी का?

नव्या गाडीचा भाव कागदावर पक्का होईपर्यंत जुनीचे नाव काढू नये. दोन्ही सौदे एकत्र झाले की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. आधी बाहेर दोन ठिकाणी किंमत काढा. मग हिशेब: शोरूमची किंमत अधिक एक्स्चेंज बोनस एका बाजूला, बाहेरची किंमत दुसऱ्या बाजूला.

किनाऱ्यावरच्या गाडीला ‘गंज आहे’ म्हणून वीस-तीस हजार पाडतात. त्याआधी स्वतः चाकांच्या कमानी, दरवाजांचे तळ आणि स्पेअर चाकाखालचा पत्रा तपासा. वरवरचा गंज आणि पत्र्याला पडलेले भोक यांत फरक आहे, तो बोलून दाखवा.

गाडी देताना नमुना २९ आणि ३० या मालकी बदलाच्या अर्जांवर सही करताना तारीख आणि घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवू नका. ताबा दिल्याची वेळ लिहिलेले पत्र घ्या. वाहन पोर्टलवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच, दंडाचे चलन आणि अपघाताचा दावा तुमच्याच दारात येतो.

गाडीला वेटिंग आहे, मग भाव कसला करायचा?

किमतीवर होणार नाही, खरे आहे. पण हँडलिंग, किटची सक्ती आणि विमा या तीन ओळी तेव्हाही काढता येतात. लवकर देण्यासाठी ‘वरचे’ पैसे मागितले तर देऊ नका. त्याची पावती मिळत नाही आणि नंबरही पुढे सरकत नाही.

बुकिंग करताना काय लिहून घ्यायचे?

पैसे डीलर कंपनीच्या खात्यात, कधीही सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर नाहीत. पावतीवर व्हेरिएंट, रंग, उत्पादनाचे वर्ष, ओळीओळीची ऑन-रोड रक्कम, अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास किती परत हे हवे. कंपनीने मधल्या काळात किंमत वाढवली तर बहुधा डिलिव्हरीच्या दिवसाची किंमत लागते, तसे छापलेलेच असते. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणत्याही डीलरला घेता येत नाही.

‘आज बुक केले तरच’ या वाक्याला एकच उत्तर: ‘हेच मेलवर टाका, उद्या सकाळी सांगतो.’ बहुतेक वेळा उद्याही तोच भाव असतो.

मिळणारी गाडी जुन्या साठ्यातली नाही हे कसे ओळखायचे?

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणीआधी चेसिस क्रमांक मागा. बऱ्याच कंपन्यांत त्यातले दहावे अक्षर वर्ष सांगते: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. काहींची पद्धत वेगळी असते, म्हणून विक्रीच्या दाखल्यात, म्हणजे नमुना २१ मध्ये, छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष हाच खरा पुरावा. गेल्या वर्षीची गाडी घ्यायला हरकत नाही, पण तिची किंमत कमी व्हायला हवी. आठ-दहा वर्षे वापरणार असाल तर ती मोठी सूट म्हणजे फायदाच. तीन वर्षांत विकणार असाल तर नको.

मग यार्डात जाऊन गाडी बघा, दिवसाउजेडी आणि कोरडी. कोकणातल्या उघड्या यार्डात पावसाळा काढलेल्या गाडीच्या खुणा ठरलेल्या: सीट बेल्ट पूर्ण ओढला की बुरशीचे ठिपके, कार्पेटखाली ओल, स्पेअर चाकाच्या खळग्यात पाणी, बोल्टच्या डोक्यांवर तांबूस थर. बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा. ब्रेक डिस्कवरचा पातळ गंज दोन ब्रेकांत जातो, त्याची काळजी नको. टायरवर चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर आणि सर्व काचांवरच्या खुणा जवळपासच्या काळातल्या हव्यात, एकच वेगळी असेल तर ती बदललेली आहे. मीटरवर शंभराहून जास्त किलोमीटर असतील तर कारण विचारा, ती टेस्ट ड्राइव्हची गाडी असू शकते.

दोष दिसला तर ‘डिलिव्हरीपर्यंत करून देतो’ यावर जाऊ नका. नोंदणी झाली की गाडी तुमची आणि तुमचा जोर संपला. दुसरी चेसिस मागायची ती आधीच.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले तर कुठे जायचे?

आधी शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच मेलवर लिहा, सोबत कोटेशन, पावत्या आणि फरकाचा आकडा. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथेच जायचे असते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. गाडी कोल्हापुरातून घेतली तरी तुम्ही रत्नागिरीत राहत असाल तर तारखांना घाट चढावा लागत नाही. वकील सक्तीचा नाही. विम्याच्या तक्रारीसाठी विमा नियामकाचे बिमा भरोसा पोर्टल वेगळे आहे.

या सगळ्याला पहिले, लेखी कोटेशन लागते. डिलिव्हरीच्या गडबडीत शोरूमवाले ‘हे आता लागणार नाही’ म्हणून तो कागद परत मागतात. तो देऊ नका, निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.